मार्सिनेल खाण दुर्घटना

मार्सिनेल खाण दुर्घटना ही बेल्जियममधील शार्लरुआ शहरालगतच्या मार्सिनेल येथे 'ब्वा द्यु काझिए' या कोळसा खाणीत ८ ऑगस्ट १९५६ रोजी घडलेली दुर्घटना होय. जमिनीखाली ९७५ मीटर खोलीवर लागलेल्या आगीच्या धुरामुळे व विषारी वायूमुळे २६२ खाणकामगार मृत्युमुखी पडले. दुर्घटनेच्या वेळी खाणीत असलेल्या २७५ जणांपैकी केवळ १३ जण वाचले. मृतांमध्ये बारा राष्ट्रीयत्वांचे कामगार होते. त्यांपैकी १३६ इटालियन व ९५ बेल्जियन होते. बेल्जियमच्या इतिहासातील ही सर्वाधिक जीवितहानीची खाण दुर्घटना मानली जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपातील स्थलांतरित मजुरांच्या इतिहासात या घटनेला विशेष स्थान आहे. इटलीने खाणकामासाठी बेल्जियमला मजूर पाठविणे या दुर्घटनेनंतर थांबविले. खाणीची जागा आज संग्रहालय व स्मारक म्हणून जतन केलेली असून २०१२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट आहे. दरवर्षी ८ ऑगस्टला मृतांचे वंशज, माजी खाणकामगार व उभय देशांचे प्रतिनिधी येथे एकत्र येतात. सकाळी दुर्घटनेच्या वेळी घंटेचे २६२ टोल दिले जातात आणि मृतांची नावे वाचली जातात.

संक्षिप्त माहिती
दिनांक : ८ ऑगस्ट १९५६ (बुधवार), सकाळी ८ वाजून १० मिनिटे
स्थळ : ब्वा द्यु काझिए कोळसा खाण, मार्सिनेल, एनो प्रांत, बेल्जियम
प्रकार : भूमिगत आग, कार्बन मोनॉक्साइड वायूची विषबाधा
मृत : २६२
बचावलेले : १३
खाण कायमची बंद : डिसेंबर १९६७
जागतिक वारसा स्थळ : २०१२

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमची अर्थव्यवस्था सावरण्यासाठी कोळशाची मोठी निकड होती. पोलाद कारखाने, रेल्वे, वीजनिर्मिती व घरगुती इंधन हे सर्व कोळशावर अवलंबून होते. तत्कालीन पंतप्रधान आशिल व्हान आकर यांनी उत्पादनवाढीच्या या मोहिमेला 'कोळशाची लढाई' असे संबोधले होते. मात्र धोका, काळोख व फुप्फुसांचे आजार यांमुळे स्थानिक तरुण खाणीत उतरण्यास राजी नव्हते. सुरुवातीला जर्मन युद्धकैद्यांकडून हे काम करून घेण्यात आले. ते मायदेशी परतू लागल्यावर मजुरांची टंचाई तीव्र झाली.

इटलीची स्थिती याच्या नेमकी उलट होती. तेथे बेकारी प्रचंड होती आणि स्वतःचा कोळसा जवळजवळ नव्हता. या परिस्थितीत २३ जून १९४६ रोजी रोम येथे उभय देशांत करार झाला. त्यानुसार इटलीने ५०,००० मजूर बेल्जियमच्या खाणींसाठी पाठवावेत आणि त्याच्या बदल्यात बेल्जियमने इटलीला ठरावीक प्रमाणात कोळसा विकावा, असे ठरले. पुढील काळात या व्यवहाराचे वर्णन 'कोळशाच्या मोबदल्यात माणसे' असे केले जाऊ लागले. मृतांच्या वंशजांच्या बोलण्यात व स्मरणसभांतील भाषणांत हा शब्दप्रयोग आजही येतो.

इटलीतील गावोगावी गुलाबी रंगाची भित्तिपत्रके लावण्यात आली. त्यांवर चांगले वेतन, सशुल्क रजा, कुटुंबभत्ता व मोफत रेल्वेप्रवास यांची माहिती होती. कामाच्या धोक्याविषयी त्यांत फारसे काही नव्हते. भरती झालेल्या मजुरांची वैद्यकीय तपासणी मिलान येथे होई आणि तेथून विशेष रेल्वेगाड्यांनी त्यांना बेल्जियमला नेले जाई. त्यांतील अनेक जण शेतमजूर होते. त्यांनी त्यापूर्वी खाण पाहिलेली नव्हती. त्यांच्या राहण्याची सोय बहुतेक ठिकाणी युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या व लाकडी बराकींत करण्यात आली. पुढे अनेकांनी बायकामुलांना तेथेच आणले. बराकींच्या या वसाहतींत वाढलेली मुले हीच पुढे स्मरणकार्याची पहिली पिढी ठरली.

मजुरांना ठरावीक वर्षे खाणीतच काम करण्याचे बंधन होते. खाणकाम नाकारणाऱ्यास दुसरी नोकरी करण्याची परवानगी नसे. अशा मजुरांना ब्रुसेल्स येथे ताब्यात ठेवून मायदेशी परत पाठविले जात असे.

खाण

ब्वा द्यु काझिए येथील खाणकामाचा परवाना १८२२ मधील आहे. त्या वेळी हा प्रदेश नेदरलँड्सच्या राज्यात होता. बेल्जियम स्वतंत्र होण्यापूर्वीपासून चालत आलेली ही खाण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीच खोल गेली होती. १९५५ मध्ये तिचे वार्षिक उत्पादन सुमारे १,७०,००० टन होते आणि तेथे सुमारे ७८० लोक काम करीत होते.

खाणीत उतरण्यासाठी दोन कूपक (उभे विवर) होते. एका कूपकातून ताजी हवा आत जाई आणि दुसऱ्यातून वापरलेली हवा बाहेर काढली जाई. माणसांची ने-आण व कोळशाची वाहतूक या कूपकांत वरखाली होणाऱ्या बहुमजली पिंजऱ्यांतून होत असे. 'फोराकी' नावाच्या तिसऱ्या कूपकाचे काम चालू होते, परंतु तो वापरात आलेला नव्हता. मुख्य कामकाज ७६५ मीटरपासून १,०३५ मीटरपर्यंतच्या थरांवर चाले.

खाणीतील बरीचशी सामग्री जुनी होती आणि बांधकामात लाकडाचा वापर मोठ्या प्रमाणावर होता. विजेच्या तारा, दाबाखालील तेलाची नळी आणि दाबयुक्त हवेची नळी एकाच कूपकात, परस्परांच्या जवळ बसविलेल्या होत्या. दुर्घटनेचे स्वरूप ठरविण्यात ही रचना निर्णायक ठरली.

दुर्घटना

८ ऑगस्ट १९५६ रोजी सकाळची पाळी नेहमीप्रमाणे खाली उतरली. ८ वाजून १० मिनिटांच्या सुमारास ९७५ मीटर खोलीवरील थांब्यावर कोळशाने भरलेले टब पिंजऱ्यात ढकलण्याचे काम चालू होते. भरलेला टब आत गेला की पिंजऱ्यातील रिकामा टब दुसऱ्या बाजूने बाहेर पडावा, अशी पद्धत होती. या वेळी रिकामा टब अडकला आणि दोन्ही टब पिंजऱ्याबाहेर अर्धवट डोकावत राहिले. खालचा कामगार व वरचा यंत्रचालक यांच्यात इशाऱ्यांबाबत गैरसमज झाला आणि त्याच अवस्थेत पिंजरा वर खेचला गेला.

बाहेर आलेल्या टबाचा धक्का कूपकातील एका तुळईला बसला. ती तुळई हलल्याने तेलाची नळी, विजेच्या तारा व दाबयुक्त हवेची नळी एकदम तुटल्या. फवाऱ्यासारख्या उडालेल्या तेलाने विजेच्या ठिणगीमुळे पेट घेतला. दाबयुक्त हवेने ती आग अधिक भडकविली आणि कूपकातील लाकूडकाम पेटले.

आग लागलेला कूपक हा ताजी हवा आत नेणारा होता. त्यामुळे धूर व कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर न पडता हवेच्या प्रवाहाबरोबर थेट कामाच्या ठिकाणांकडे गेला. कार्बन मोनॉक्साइडला रंग व वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचा संयोग ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज होतो आणि थोड्याच वेळात शरीराला ऑक्सिजन मिळणे बंद होते. बहुसंख्य कामगारांचा मृत्यू ज्वाळांमुळे झाला नाही. आगीपासून दूर असलेल्या बोगद्यांमध्ये या वायूनेच त्यांचा प्राण घेतला.

आरंभी काही कामगार पिंजऱ्यातून वर येऊ शकले आणि त्यानंतर आणखी मोजके जण जिवंत सापडले. एकूण १३ जण वाचले.

बचावकार्य

धुराचे लोट दिसताच शार्लरुआ परिसरातील खाणींची बचावपथके मार्सिनेलला पोहोचली. पुढे फ्रान्स व जर्मनीतूनही मदत आली. परंतु आगीमुळे पिंजऱ्यांचे दोर निकामी झाले होते आणि दोन्ही कूपकांत उतरणे दुरापास्त झाले होते. अपुऱ्या राहिलेल्या फोराकी कूपकाच्या बाजूने वाट काढण्याचेही प्रयत्न झाले. आंजेलो गाल्व्हान हा इटालियन वंशाचा खाणकामगार पुन्हा पुन्हा खाली उतरल्यामुळे 'काझिएचा कोल्हा' या नावाने प्रसिद्ध झाला.

खाणीच्या लोखंडी फाटकाबाहेर कामगारांच्या बायका, आया व मुले रात्रंदिवस उभी होती. दूरचित्रवाणी त्या काळी नवी होती. फाटकाच्या गजांना धरून उभ्या असलेल्या स्त्रियांची दृश्ये युरोपातील अनेक देशांत दाखविली गेली. बेल्जियमचे राजे बोदुएँ यांनीही घटनास्थळाला भेट दिली.

शोधकार्य दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले. २३ ऑगस्टच्या सुमारास पथक १,०३५ मीटरच्या थरावर पोहोचले. वर आलेल्या एका बचावकर्त्याने इटालियन भाषेत 'तुत्ती कादाव्हेरी', म्हणजे 'सगळेच मृतदेह', असे दोनच शब्द उच्चारले आणि कुटुंबांची आशा संपली. दुर्घटनेचा उल्लेख असलेल्या जवळपास प्रत्येक लेखनात हे दोन शब्द आढळतात.

मृत कामगार

मृतांमध्ये १३६ इटालियन, ९५ बेल्जियन, ८ पोलिश व ६ ग्रीक कामगार होते. उर्वरितांमध्ये जर्मन, फ्रेंच, हंगेरियन, ब्रिटिश, डच, रशियन व युक्रेनियन यांचा समावेश होता. बेल्जियन मृतांपैकी अनेक जण डच भाषिक फ्लँडर्स भागातून कामावर येणारे होते. दुर्घटनेची ओळख प्रामुख्याने इटालियन स्थलांतरितांशी जोडली गेली असली, तरी मृतांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बेल्जियन होते.

इटालियन मृतांमध्ये आब्रुझ्झो प्रांतातील कामगारांची संख्या सर्वाधिक होती. त्या प्रांतातील मानोपेल्लो या छोट्या गावाने वीसहून अधिक पुरुष गमावले. एकाच कुटुंबातील भाऊ, बापलेक किंवा एकाच गल्लीतील शेजारी एकत्र खाणीत जात असल्याने काही कुटुंबांतील सर्व कमावते पुरुष एका दिवसात गेले. दुर्घटनेने दोनशेहून अधिक स्त्रियांना वैधव्य आले आणि चारशेहून अधिक मुले पितृहीन झाली. पितृहीन झालेल्यांपैकी काहींचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर झाला.

चौकशी व खटला

दुर्घटनेनंतर नेमलेल्या चौकशी आयोगात इटलीच्या प्रतिनिधींचाही समावेश होता. टब व पिंजरा यांच्या घटनाक्रमाविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो जबाबदारीचा. एका कामगाराच्या चुकीने आग लागली असे म्हणावयाचे की तेल, वीज व हवा यांची जोडणी एकत्र करणाऱ्या आणि कूपकात लाकूडकाम ठेवणाऱ्या व्यवस्थापनाला दोषी धरावयाचे, हा कळीचा प्रश्न होता.

खटला १९५९ मध्ये शार्लरुआ येथे चालला आणि सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता झाली. या निकालाने मृतांच्या कुटुंबांत व कामगार संघटनांत संताप उसळला. अपिलात १९६१ मध्ये खाणीचे कामकाज पाहणाऱ्या एका अधिकाऱ्याला दोषी ठरवून सहा महिन्यांची स्थगित कैद व दंड अशी शिक्षा देण्यात आली. प्रत्यक्षात कोणीही तुरुंगात गेले नाही. २६२ मृत्यूंच्या तुलनेत ही शिक्षा नगण्य होती, ही भावना वंशजांमध्ये टिकून राहिली.

परिणाम

दुर्घटनेनंतर इटलीने बेल्जियमच्या खाणींसाठी होणारी सरकारी भरती थांबविली. बेल्जियमने मात्र खाणी बंद केल्या नाहीत. मजुरांसाठी तो अन्य देशांकडे वळला. १९५६ मध्ये स्पेनशी, १९५७ मध्ये ग्रीसशी आणि १९६४ मध्ये मोरोक्को व तुर्कस्तानशी करार झाले. बेल्जियमच्या आजच्या बहुभाषिक लोकसंख्येची जडणघडण काही प्रमाणात या करारांच्या साखळीतून झालेली आहे.

युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाने १९५६ मध्येच खाण सुरक्षेविषयी परिषद बोलाविली आणि पुढील वर्षी त्यासाठी कायमस्वरूपी आयोग स्थापन झाला. कोळशाचा बाजार एकत्र करणाऱ्या संस्थेने कामगाराच्या जिवाच्या सुरक्षेचाही एकत्रित विचार करावा, ही मागणी या दुर्घटनेमुळे पुढे आली होती.

ब्वा द्यु काझिए येथील उत्पादन १९५७ मध्ये अंशतः पुन्हा सुरू झाले. १९६१ मध्ये कंपनीचे विसर्जन झाले आणि डिसेंबर १९६७ मध्ये खाण कायमची बंद झाली. वालोनियातील शेवटची कोळसा खाण १९८४ मध्ये, तर संपूर्ण बेल्जियममधील शेवटची खाण १९९२ मध्ये बंद झाली.

स्मरण

जागेच्या जतनासाठी लढा

खाण बंद झाल्यावर इमारती ओस पडल्या. ती जागा साफ करून तेथे व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा माजी खाणकामगार व मृतांच्या कुटुंबीयांनी त्याला विरोध केला. ज्या फाटकाबाहेर आपल्या आया पंधरा दिवस उभ्या होत्या, ते फाटक पाडले जाऊ नये, एवढ्या साध्या मागणीपासून हा लढा वाढला. त्याचे फलित म्हणून १९९० मध्ये जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. दुरुस्ती व पुनर्रचनेनंतर २००२ मध्ये ती जनतेसाठी खुली करण्यात आली.

कूपकांवरील लोखंडी मनोरे, यंत्रघरे व प्रवेशद्वार जतन केलेले आहे. आवारात ८ ऑगस्ट १९५६ च्या घटनेला वाहिलेले दालन, उद्योग संग्रहालय व काच संग्रहालय आहे. शार्लरुआ परिसर कोळशाबरोबरच पोलाद व काच या उद्योगांसाठीही प्रसिद्ध होता, म्हणून या दोन संग्रहालयांची जोड देण्यात आली. स्मृतिदालनात मृतांची छायाचित्रे लावलेली आहेत. मागे खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे उंच ढिगारे आहेत. त्यांवर आता झाडी वाढली असून पायवाटा केल्या आहेत.

१ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने 'वालोनियातील प्रमुख खाणस्थळे' या नावाने चार स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ग्रां-ओर्न्यु, ब्वा-द्यु-ल्युक, ब्वा द्यु काझिए व ब्लेन्यी ही ती स्थळे होत. पहिली दोन स्थळे तेथील आदर्श कामगार वसाहतींमुळे महत्त्वाची आहेत. ब्वा द्यु काझिएचे महत्त्व दुर्घटनेची व स्थलांतरितांची स्मृती म्हणून आहे.

वार्षिक स्मृतिदिन

दरवर्षी ८ ऑगस्टला सकाळी खाणीच्या आवारात स्मरणविधी होतो. ८ वाजून १० मिनिटांनी 'मारिया मातेर ऑर्फानोरुम' (मारिया, अनाथांची माता) या नावाच्या घंटेचे २६२ टोल दिले जातात. मृतांची नावे एकेक करून वाचली जातात. नावे मोठ्याने वाचण्यामागे एक ठोस कारण आहे. दुर्घटनेच्या काळात वृत्तांमधून मृतांचा उल्लेख प्रामुख्याने राष्ट्रीयत्वांच्या आकड्यांतून होत असे. नामवाचनात तो आकडा पुन्हा व्यक्तींमध्ये विभागला जातो. नावे वर्णानुक्रमाने किंवा गावानुसार ऐकताना एकच आडनाव लागोपाठ दोन-तीनदा येते आणि एका घरातील किती जण गेले हे श्रोत्याला उमगते.

प्रारंभी या कार्यक्रमांचे आयोजन मुख्यतः माजी खाणकामगारांच्या व इटालियन स्थलांतरितांच्या संघटना करीत. विधवा व बचावलेले कामगार त्यांत अग्रभागी असत. ती पिढी जवळपास संपली आहे. मृतांची मुले आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत आणि पुष्पचक्र वाहणाऱ्यांमध्ये नातवंडे व पतवंडे दिसतात. त्यांपैकी अनेकांना इटालियन भाषा घरापुरतीच येते आणि ते स्वतःला बेल्जियन मानतात. आब्रुझ्झोतील गावांमधूनही नातलग व गावप्रमुख दरवर्षी येतात. मानोपेल्लो व अन्य गावांत त्याच दिवशी स्वतंत्र स्मरणसभा होतात. ज्या कुटुंबांचा एक भाग बेल्जियमला राहिला आणि दुसरा इटलीला परतला, त्यांच्यासाठी ८ ऑगस्ट हा परस्परांना भेटण्याचाही दिवस झाला आहे.

इटलीतील राष्ट्रीय दिन

इटलीच्या सरकारने २००१ मध्ये ८ ऑगस्ट हा 'जगभरातील इटालियन श्रमिकांच्या बलिदानाचा राष्ट्रीय दिन' म्हणून घोषित केला. त्यामुळे मार्सिनेलचे स्मरण केवळ एका खाणीपुरते राहिले नाही. अमेरिकेतील मोनोंगा येथे १९०७ मध्ये झालेल्या खाणस्फोटासारख्या, इटालियन स्थलांतरित मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडलेल्या अन्य घटनांचाही त्यात समावेश झाला. इटलीत परदेशी मजुरांविषयी चर्चा होते, तेव्हा या दिवसाचा दाखला देऊन इटालियन लोकही एकेकाळी असेच मजूर होते, याची आठवण अनेक वक्ते करून देतात. सरकारी समारंभ व कुटुंबांचे दुःख यांतील अंतर मात्र कायम आहे. जे राज्य आज पुष्पचक्र पाठविते, त्याच राज्याने १९४६ चा करार केला होता, याकडे वंशजांच्या संघटना लक्ष वेधतात.

अनोळखी मृतदेहांची ओळख

उष्णता, पाणी व शोधकार्यास लागलेला विलंब यांमुळे काही मृतदेहांची ओळख त्या काळी पटू शकली नव्हती. पुष्कळदा कपड्यांवरून, बुटांवरून किंवा खिशातील वस्तूंवरून अंदाज बांधावा लागे. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना मार्सिनेलच्या दफनभूमीत पुरून थडग्यांवर 'अनोळखी' असा फ्रेंच शब्द कोरण्यात आला. अशी १४ थडगी होती.

संबंधित कुटुंबांसाठी ही बाब साठ वर्षांहून अधिक काळ सलत राहिली. वडिलांचे नाव स्मारकावर आहे, परंतु फूल नेमके कोणत्या थडग्यावर वाहावे हे ठाऊक नाही, अशी त्यांची स्थिती होती. काही मुलांनी सर्वच अनोळखी थडग्यांवर फुले वाहण्याचा प्रघात ठेवला. एका मृत कामगाराच्या मुलाने केलेल्या पाठपुराव्यातून डीएनए तपासणीची मागणी पुढे आली आणि २०२१ मध्ये बेल्जियमच्या पोलिसांच्या मृत-ओळख विभागाने ही थडगी उघडून अवशेषांचे नमुने घेतले. त्यांच्याशी पडताळण्यासाठी इटली व बेल्जियममधील वंशजांनी आपले नमुने दिले.

जुन्या हाडांतून उपयुक्त डीएनए मिळविणे अवघड असते. दमट जमीन, कालावधी व दफनापूर्वी वापरलेली रसायने यांमुळे तो खंडित झालेला असतो. शिवाय तुलनेसाठी मुलगा, मुलगी किंवा भावंड हयात असणे उपयुक्त ठरते. नातवंडांकडून मिळणारा पुरावा त्यामानाने कमकुवत असतो. त्यामुळे हयात मुलांचे वय हीच या कामातील खरी कालमर्यादा होती. तपासणीतून एक इटालियन व एक बेल्जियन अशा दोन कामगारांची ओळख पटली. उर्वरित कुटुंबांना उत्तर मिळाले नाही, तरी नमुने नोंदविले गेल्याने भविष्यात अधिक प्रगत पद्धतीने पडताळणी करणे शक्य झाले आहे.

शिक्षण व मौखिक इतिहास

माजी खाणकामगार अनेक वर्षे संग्रहालयात मार्गदर्शक म्हणून काम करीत आणि शालेय सहलींना स्वतःच्या अनुभवातून माहिती देत. त्यांची संख्या घटत गेल्याने त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित व चित्रित करण्यात आल्या आहेत. पगाराच्या पावत्या, ओळखपत्रे, बिल्ले, दिवे व घरी पाठविलेली पत्रे अशा वस्तू कुटुंबांनी संग्रहासाठी दिल्या. अशा वस्तूंमधून कामगार केवळ मृत्यूच्या क्षणी नव्हे, तर रोजच्या जगण्यात कसा होता हे दिसते.

खाणकामगारांच्या मुलांचा बेल्जियमच्या सार्वजनिक जीवनातील वाटाही स्मरणाचा भाग बनला आहे. सिसिलीहून आलेल्या खाणकामगाराचा मुलगा असलेले गायक साल्व्हातोरे अदामो जगप्रसिद्ध झाले. आब्रुझ्झोतून आलेल्या स्थलांतरित कुटुंबातील एलिओ दी रुपो हे २०११ ते २०१४ या काळात बेल्जियमचे पंतप्रधान होते. या दोघांची कुटुंबे मार्सिनेलच्या मृतांपैकी नव्हती. तथापि बराकींतून सार्वजनिक जीवनापर्यंत झालेल्या एका समाजाच्या प्रवासाची उदाहरणे म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

कलाकृतींमध्ये

दुर्घटनेवर इटालियन दूरचित्रवाणीने २००३ मध्ये 'मार्चिनेल्ले' ही मालिका प्रसारित केली. मार्सिनेलचा इटालियन उच्चार 'मार्चिनेल्ले' असा होतो. बेल्जियममधील इटालियन वंशाच्या लेखकांनी फ्रेंच भाषेत लिहिलेल्या साहित्यातही खाणवस्तीचे जीवन आले आहे. जिरोलामो सांतोकोनो यांची 'र्यु देझितालियँ' (इटालियनांची गल्ली) ही १९८६ मधील कादंबरी त्यांतील परिचित उदाहरण होय.

मूल्यमापन

मृतांच्या संख्येचा विचार करता मार्सिनेल ही युरोपातील सर्वांत मोठी खाण दुर्घटना नव्हे. फ्रान्समधील कुरिएर येथे १९०६ मध्ये १,०९९ जण, तर वेल्समधील सेंघेनिड येथे १९१३ मध्ये ४३९ कामगार व एक बचावकर्ता मरण पावले होते. मार्सिनेलचे वेगळेपण तिच्या मृतांच्या विविध राष्ट्रीयत्वांत आणि ज्या कराराने त्यांना तेथे आणले त्यात आहे. कोळसा हा युरोपीय एकीकरणाचा पाया मानला जातो. तो पाया ज्यांच्या श्रमातून उभा राहिला त्यांची नावे येथे नोंदलेली आहेत.

स्मरणाच्या बाबतीतही मार्सिनेलचे उदाहरण उपयुक्त ठरते. न्यायालयाकडून कुटुंबांना समाधान मिळाले नाही. जे मिळाले ते त्यांनी स्वतःच्या चिकाटीने मिळविले. खाणीची जागा वाचली, राष्ट्रीय दिन घोषित झाला, थडगी तपासली गेली. भारतात झारखंडमधील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी झालेल्या खाण दुर्घटनेतील मृतांना त्यांचे कुटुंबीय व सहकारी दरवर्षी त्या तारखेला स्मारकापाशी आदरांजली वाहतात. खाणी बंद पडल्यावरही खाणवस्त्यांची स्मृती वंशजांच्या आधाराने टिकून राहते, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

हेही पहा

चासनाला खाण दुर्घटना
कुरिएर खाण दुर्घटना
सेंघेनिड खाण दुर्घटना
मोनोंगा खाण दुर्घटना
युरोपीय कोळसा व पोलाद समुदाय
वालोनियातील प्रमुख खाणस्थळे